सीएसएमटीकडे पाठ करून उभे राहा: महापालिकेची जुनी बिल्डिंग आणि आजूबाजूचा परिसर कसा बघायचा

सीएसएमटीच्या बाहेर कधीही जा, लोक स्टेशनचे फोटो काढत उभे असतात, मोबाईल वर, मान वर, आणि त्यांच्या पाठीमागे तेवढीच देखणी दुसरी बिल्डिंग उभी असते तिच्याकडे कोणाचं लक्ष पण नसतं. ती म्हणजे आपल्या मुंबई महापालिकेचं मुख्यालय. आपल्या डोक्यात महापालिका म्हणजे खड्डे, पाणीपट्टी आणि पावसाळ्यातल्या शिव्या, त्यामुळे तिच्या बिल्डिंगकडे बघायला म्हणून कोणी जात नाही. पण गंमत अशी की ह्या दोन्ही बिल्डिंग एकाच माणसाच्या हातच्या आहेत, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. आधी त्याने स्टेशन केलं आणि मग बरोबर त्याच्यासमोर महापालिका. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की एक बघून दुसरी सोडू नका, जोडीने बघा, तरच मजा आहे. खाली सगळं सांगतो, कधी जायचं, कसं जायचं, आत कसं जायचं आणि कुठे खायचं.

आधी दिवस ठरवा, कारण अर्धा खेळ त्यातच आहे. महापालिकेच्या आत फिरायचं असेल तर शनिवार-रविवारच. हे चालू ऑफिस आहे, म्युझियम नाही, आठवड्यात इथे कामकाज असतं आणि 'मला जिना बघायचाय' म्हणून गेटवर गेलात तर सिक्युरिटीवाला तुम्हाला नम्रपणे किंवा त्याच्या मूडप्रमाणे परत पाठवणार. जानेवारी २०२१ मध्ये महापालिकेने पर्यटन महामंडळाबरोबर इथे गाईडेड हेरिटेज वॉक सुरू केला, शनिवार-रविवारचा, ऑनलाईन बुकिंग करून. तर पहिलं काम म्हणजे ज्या वीकेंडला जायचंय त्या वीकेंडला वॉक आहे का ते बघा, कारण निवडणूक, अधिवेशन, व्हीआयपी बंदोबस्त, दुरुस्ती, कशानेही वॉक रद्द होऊ शकतो. तिकिटाचे दर बदलत असतात म्हणून इथे लिहीत नाही. बुक करताना भाषा विचारून घ्या, बरोबर आईबाबा असतील तर इंग्रजी बॅचमध्ये ते कंटाळतात. ओळखपत्र खिशात हवंच, आणि मोठी बॅग शक्यतो नेऊच नका.

रविवारचा एकच प्रॉब्लेम, मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बर दोन्हीवाल्यांनी शनिवारी रात्री ब्लॉकचं टाइमटेबल बघूनच झोपायचं, नाहीतर दहाची बॅच आणि तुम्ही साडेदहाला भायखळ्याला लटकलेले. बाकी रविवार म्हणजे सोनं आहे, फोर्टातली ऑफिसं बंद, डी. एन. रोड अर्धा रिकामा, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून अख्खी बिल्डिंग फ्रेममध्ये घेता येते. आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ ह्या वेळेत मात्र इथे हेरिटेज बघायला येऊ नका. सगळं फोर्ट त्या वेळी स्टेशनकडे धावत असतं आणि तुम्ही मध्येच थांबून वरचा कळस बघायला लागलात की मागून खांदा बसलाच म्हणून समजा.

पोचायचं कसं हे मुंबईकरांना सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगतो. मध्य आणि हार्बरची शेवटची स्टेशनं इथेच. वेस्टर्नवाल्यांनी चर्चगेटला उतरून चालत यायचं, आझाद मैदानाच्या कडेने वीसेक मिनिटं लागतात, किंवा सरळ टॅक्सी. आणि ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ ची अ‍ॅक्वा लाईन कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झालीये, तिचं सीएसएमटी स्टेशन आहे, त्यामुळे अंधेरी, बीकेसी, वरळीकडून येणाऱ्यांची लोकलची झटापट वाचली. गाडी घेऊन येऊ नका, पार्किंग शोधण्यात वॉकची वेळ निघून जाईल.

पुण्याहून यायचं तर डेक्कन क्वीन. सकाळी सव्वासातला निघते, साडेदहाच्या आसपास सीएसएमटीला सोडते, तेव्हा वॉकची बॅच त्या हिशोबाने, म्हणजे दुपारची घ्या. परतीची क्वीन संध्याकाळी पाच दहाला असते, पण तिने परत गेलात तर लाइटिंग बघायचं राहतं, आणि ते राहू देऊ नका, पुढे सांगतो का ते. सामान असेल तर मेल-एक्स्प्रेसच्या बाजूला क्लोकरूम आहे. टॉयलेटचं काम स्टेशनवरच उरकून घ्या, बाहेर पडल्यावर बरी सोय सापडायला वेळ लागतो, बायकांना तर जास्तच.

आता स्टेशनबाहेर पडल्यावर रस्ता ओलांडायचा. वरून धावत जायचा विचार सोडा, सबवे वापरा. हा सबवे म्हणजे एक वेगळंच गाव आहे, मोबाईल कव्हर, बेल्ट, चष्मे, इयरफोन, आणि बाहेर पडायचे इतके जिने की नवा माणूस हमखास चुकीच्या जिन्याने वर येतो आणि समोर परत स्टेशनच बघतो. पाटी नीट वाचा, महापालिका किंवा आझाद मैदान लिहिलंय तिकडचा जिना घ्या. वर आलात की महापालिका तुमच्या डोक्यावरच असते, इतकी जवळ की नीट दिसतच नाही.

बाहेरून बघताना

म्हणून आधी आत शिरू नका, कोपऱ्यावर थांबा. डी. एन. रोड आणि महापालिका मार्ग जिथे मिळतात तो हा कोपरा. जागा पाचरीसारखी निमुळती, आणि स्टीव्हन्सने काय केलं तर दोन रस्त्यांना धरून दोन हात मागे नेले आणि टोकाला, बरोबर चौकावर, टॉवर उभा केला. हा टॉवर २३५ फूट उंच आहे. कुठल्याही रस्त्याने या, तो समोर येतोच. पायाभरणी ९ डिसेंबर १८८४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते झाली आणि बिल्डिंग पूर्ण झाली १८९३ मध्ये, म्हणजे पायाभरणी करून काम लांबवायची परंपरा काही आजची नाही. (रिपन हाच तो, ज्याने १८८२ ला स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला, म्हणून दगड बसवायला माणूस अगदी योग्य होता.)

बिल्डिंगची स्टाईल गॉथिक, पण डोक्यावर घुमट. खाली टोकदार कमानी, कोरीव खांब, प्राणी, पानंफुलं, सगळं युरोपातल्या चर्चसारखं आणि वर नजर नेली की अचानक विजापूर-आग्र्याची आठवण करून देणारे गोल घुमट. पुस्तकात ह्याला इंडो-सारासेनिकचं मिश्रण वगैरे म्हणतात. मला विचाराल तर स्टेशनपेक्षा ही जास्त धीट आहे. स्टेशन करताना स्टीव्हन्स अजून लंडनकडे बघत होता, इथे येईपर्यंत तो मुंबईकर झाला होता. माणूस इंग्लंडमधल्या बाथ गावचा, आला तो इथलाच झाला, १९०० मध्ये मुंबईतच गेला आणि शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीत आहे. चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं हेडक्वार्टर पण त्याचंच आणि रिगलजवळचं महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय, जे पूर्वी खलाशांचं होम होतं, ते पण त्याचंच, अर्ध्या साउथ बॉम्बेवर ह्या एका माणसाची सही आहे.

आता दर्शनी बाजूला वर त्रिकोणी कळसावर बघा, पंख असलेली एक बाई उभी आहे. ती म्हणजे मुंबई शहर. 'उर्ब्स प्रायमा इन इंडिस', हिंदुस्थानातलं पहिलं शहर, हे त्या काळच्या मुंबईचं बिरुद, आणि ही पंखवाली त्याचं मूर्तरूप. कलकत्ता तेव्हा राजधानी होती बरं का, तरी हे लोक म्हणतायत आम्हीच पहिले. मुंबईकरांचा हा माज तेव्हापासूनचा आहे. मोबाईलचा झूम इथे वापरा, नुसत्या डोळ्यांनी तिचा चेहरा दिसत नाही.

आणि खाली, बिल्डिंगच्या पुढ्यात, कोट घातलेला जो पुतळा उभा आहे, ज्याच्या आसपास लोक बसची वाट बघत, फोनवर भांडत उभे असतात, तो सर फिरोजशहा मेहतांचा. मुंबईच्या महापालिकेला आज जे रूप आहे, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक आणि त्यांच्यापुढे उत्तर द्यावं लागणारं प्रशासन, त्यामागे ह्या माणसाचं डोकं होतं. १८७२ च्या कायद्याची कल्पना त्यांनीच लावून धरली, १८८८ चा जो कायदा झाला त्यात पण त्यांचा हात आणि महापालिका आजही बऱ्याच सुधारणांसह त्याच १८८८ च्या कायद्यावर चालते. चार वेळा ते अध्यक्ष होते. पुतळा १९२३ चा. पाच मिनिटं इथे द्या, मग आत काय बघतोय ते कळतं.

आत गेल्यावर

वॉकमध्ये गाईड सांगतोच सगळं, मी फक्त कशावर नजर ठेवायची ते सांगतो. पहिलं म्हणजे मधला जिना आणि त्याच्यावरचा घुमट. जिन्याच्या मध्यावर थांबून मान मागे टाकून बघा, मागचे लोक जरा चिडतील, चिडू देत. उजेड कुठून येतो ते बघा. ह्या लोकांकडे एसी नव्हता, ट्यूबलाइट नव्हती, तर उंच छत, लांब व्हरांडे आणि रंगीत काचा ह्यांच्यावर सगळं निभावलंय, आणि मे महिन्यात सुद्धा व्हरांड्यात उभं राहिलं की फरक कळतो.

दुसरं म्हणजे सभागृह. इथे बसून २२७ नगरसेवक शहराचं बजेट पास करतात आणि हे बजेट काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं असतं. लाकूडकाम भरपूर, उंच छत, महापौरांचं आसन, भिंतींशी जुन्या मोठ्या माणसांचे पुतळे आणि तसबिरी. २००० साली ह्या सभागृहाला आग लागली होती आणि आत बरंच जळून गेलं, आता जे दिसतं ते नंतर जुन्यासारखं परत केलेलं आहे. गाईडला विचारा मूळचं काय आणि नवीन काय, चांगला गाईड असेल तर दाखवतो. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली त्यानंतर काही वर्षं इथे प्रशासकाचाच कारभार होता, सभागृह आहे पण सभा नाही अशी अवस्था. एवढ्या सुंदर खोलीचं ते दृश्य मला तरी बरं वाटलं नव्हतं.

महापौर हे पद मुळात १९३१ पासून, त्याआधी अध्यक्ष म्हणायचे. ह्या खुर्चीवर आलेल्यांमध्ये माझा आवडता युसूफ मेहेरअली, १९४२ मध्ये महापौर निवडून आले तेव्हा ते तुरुंगात होते. 'भारत छोडो' ही घोषणा त्यांचीच. तुरुंगातला माणूस महापौर करायची हिंमत ह्या सभागृहात होती, हे बाकांकडे बघताना आठवा. फोटो काढण्याबद्दल गाईड सांगेल तसंच करा, काही भागात चालतं, काही भागात नाही, आणि ड्रोनचं नाव पण काढू नका, हा सगळा भाग हाय सिक्युरिटी आहे.

लहान मुलं असतील तर त्यांना एक काम द्या, कोरलेले प्राणी शोधायचं. नाहीतर पंधराव्या मिनिटाला 'आपण घरी कधी जायचं' सुरू होतं.

स्टेशनकडे परत, पण आता पाहुण्यासारखं

बाहेर आलात की आता स्टेशनकडे तोंड करा. महापालिकेच्या बाजूलाच फोटोसाठी सेल्फी पॉइंट केलाय, तिथून स्टेशनचा पूर्ण दर्शनी भाग मिळतो. काम १८७८ ला सुरू झालं, १८८७ ला राणीच्या ज्युबिलीचं निमित्त करून व्हिक्टोरिया टर्मिनस नाव दिलं, १८८८ ला पूर्ण. २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्या पिढीचे लोक अजून व्हीटीच म्हणतात, टॅक्सीवाला पण, काही प्रॉब्लेम येत नाही.

बघायचं काय ते पटकन: गेटच्या दोन खांबांवर एकावर सिंह आणि एकावर वाघ, सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. घुमटावर चौदा फुटांची बाई, एका हातात मशाल, एका हातात चाक, तिचं नाव प्रगती. घड्याळाखाली रिकामा कोनाडा दिसतो तिथे पूर्वी राणीचा पुतळा होता. आणि आता हे मात्र शोधाच, भिंतीवर गोल चौकटीत जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या डायरेक्टरांचे चेहरे कोरलेत, त्यात पगडीवाले दोन आहेत, एक जमशेटजी जीजीभॉय आणि दुसरे आपले नाना शंकरशेठ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली त्यामागे नानांची खटपट होती. लाखो लोक रोज त्यांच्या नजरेखालून पळतात. कोरीवकाम बरंचसं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय, मोर, माकडं, पाली, उंदीर, काय पाहिजे ते सापडेल. आत जुन्या बुकिंग हॉलचं छत बघा, निळ्यावर सोनेरी चांदण्या, म्हणून त्याला स्टार चेंबर म्हणतात, आणि लोक त्याच्याखाली रांगेत मान खाली घालून मोबाईल बघत उभे असतात.

स्टेशनात मध्य रेल्वेचं हेरिटेज म्युझियम पण आहे, पण ते ठराविक दिवशी ठराविक वेळेतच आणि वेगळ्या तिकिटावर, त्यामुळे आधी चौकशी करा, वीकेंडला भरवसा ठेवू नका.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ह्याच स्टेशनात गोळीबार झाला आणि मग अतिरेकी इथून कामा हॉस्पिटलकडे गेले. मुलं विचारतातच, तेव्हा तयार राहा. मेल-एक्स्प्रेसचा तो मोठा हॉल तोच आहे, आज पुन्हा तिथे लोक वर्तमानपत्र पसरून झोपलेले असतात, गाडीची वाट बघत.

खायचं काय

वॉक झाला की भूक लागतेच, आणि ह्या बाबतीत जागा नशीबवान आहे. स्टेशनसमोर कॅपिटॉल सिनेमाच्या बिल्डिंगमध्ये आराम, मराठी माणसाचं जुनं हॉटेल, १९३९ पासूनचं. वडापाव तर घ्याच पण तेवढ्यावर थांबू नका, कोथिंबीर वडी, थालीपीठ, मिसळ, वर पियुष. बसायला जागा मिळेलच असं नाही, बाहेर उभं राहून खाणाऱ्यांची गर्दी ही इथली कायमची. पिशवी खांद्यावर पुढे घ्या, एका हातात वडा, एका हातात मोबाईल आणि मागून पाकीट गायब असं व्हायला नको.

महापालिकेच्या अगदी शेजारी, आझाद मैदानाच्या बाजूला, कॅनन पावभाजी. तवा एवढा मोठा, त्यावर डोंगर केलेली भाजी, उलथण्याचा तो टणटण आवाज आणि पावाला लावायचं बटर बघून डॉक्टरचं तोंड आठवतं. उभं राहूनच खायची. मला आराम आणि कॅनन ह्यांत एक निवडायला सांगितलं तर सकाळी आराम, संध्याकाळी कॅनन, वाद मिटला. ह्याच बाजूला मैदानाच्या कडेने खाऊगल्लीचे स्टॉल आहेत, ऑफिसवाल्यांचे, ते आठवड्याच्या दिवशीच खरे रंगात असतात, रविवारी बरेच बंद.

पोटभर जेवायचं तर स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला, बाजारगेट स्ट्रीटवर, पंचम पुरीवाला. पुरी-भाजी, साधी, गरम, बाकावर बसून, समोरच्या अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून. स्वस्त आहे, पटकन आहे, इन्स्टाग्रामसाठी मात्र नाही. तिथून जीपीओ दोन मिनिटांवर, १९१३ ची बिल्डिंग, जॉन बेग नावाच्या आर्किटेक्टने विजापूरच्या गोलघुमटावरून केलेली. पोस्टात काही काम नसलं तरी मधल्या हॉलमध्ये जाऊन वर बघून या, पण रविवारी जाणार असाल तर वेळ आधी बघून घ्या.

मग कुठे जायचं: तीन रस्ते

सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. पाय दुखले तर एक रस्ता धरा, दम असेल तर दोन.

पहिला, महापालिका मार्गाने मेट्रो सिनेमाकडे. सगळ्यात कमी लोक हा रस्ता चालतात आणि मला हाच जास्त आवडतो. एका हाताला आझाद मैदान, दुसऱ्या हाताला ओळीने जुन्या दगडी बिल्डिंग, कामा हॉस्पिटल १८८६ चं, मग किल्ला कोर्ट, मग सेंट झेवियर्स कॉलेज. आठवड्यात कोर्टासमोर काळे कोट आणि टायपिंगवाले, रविवारी शुकशुकाट. मैदानात रविवारी सकाळी मात्र एकाच वेळी किती मॅचेस चालू असतात त्याला गणतीच नाही, एकाचा डीप मिडविकेट म्हणजे दुसऱ्याची स्लिप. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या मॅचमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ ची भागीदारी केली ती ह्याच मैदानावर. आणि पलीकडच्या टोकाला बॉम्बे जिमखाना दिसतो तिथे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली टेस्ट झाली, लाला अमरनाथांची सेंच्युरी त्याच मॅचमधली. मैदानाच्या एका भागात मोर्चे आणि उपोषणं चालू असतात, महापालिका आणि मंत्रालय दोघांना ऐकू जाईल अशा बेताने. मोठा मोर्चा असेल त्या दिवशी हा सगळा रस्ता बंद असतो, म्हणून बातम्या बघून निघा. टोकाला मेट्रो सिनेमा, १९३८ चा, आणि त्याच्यासमोर कयानी, १९०४ पासूनचं इराणी, ब्रून मस्का आणि चहा. मावा केक संपायच्या आत जा.

दुसरा, डी. एन. रोडने उत्तरेला क्रॉफर्ड मार्केटकडे. वाटेत अंजुमन-ए-इस्लामची शाळा, टाइम्सची बिल्डिंग, मग जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ साली सुरू झालेलं. लॉकवूड किपलिंग इथे शिकवायचे आणि त्यांचा मुलगा रुडयार्ड, 'जंगल बुक' लिहिणारा, ह्याच आवारात १८६५ मध्ये जन्मला. आत जायला परवानगी लागते, गेटवर विचारा, नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, मार्केट पुढेच आहे. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे जी महापालिका आत्ता बघून आलात तिचंच हे बाळ, १८६९ चं, विल्यम एमर्सनने केलेलं. आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. दर्शनी कमानींवरची शेतकऱ्यांची शिल्पं लॉकवूड किपलिंगची, लोक कलिंगडाचा भाव करण्याच्या नादात वर बघत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आलात तर हापूसच्या पेट्यांचा वास रस्त्यापर्यंत येतो. भाव करा, पहिल्या दुकानात घेऊ नका, आणि पेटीची वरची रांग बघून पेटी घेऊ नका. समोर बादशाह, १९०५ पासूनचं, फालुदा. रविवारी मार्केटचा बराच भाग बंद असतो, म्हणून हा रस्ता शनिवारवाल्यांसाठी.

तिसरा, डी. एन. रोडने दक्षिणेला हुतात्मा चौकाकडे. इथे फुटपाथ बिल्डिंगच्या खालून, कमानींमधून जातो, त्यामुळे पावसात आणि उन्हात दोन्हीत चालता येतं. वाटेत एक पारशी अग्यारी आहे, दारावर पंख असलेले मोठे बैल, माणसाच्या तोंडाचे, इराणच्या जुन्या राजवाड्यांत असतात तसे. पारशी नसाल तर आत जाता येत नाही, बाहेरून बघा आणि दारात गर्दी करू नका. चौकात १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्याजवळ मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं हुतात्मा स्मारक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं. दादाभाई नवरोजींचा पुतळा पण इथेच, रस्ता त्यांच्याच नावाचा, आणि ते स्वतः मुंबईच्या महापालिकेत सभासद होते, लंडनच्या पार्लमेंटमध्ये जायच्या आधी.

तिथून डावीकडे वळून हॉर्निमन सर्कल, आणि सर्कलच्या पलीकडे एशियाटिक, म्हणजे एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, १८३३ चा टाऊन हॉल. तीस पायऱ्या, वर जाडजूड ग्रीक खांब. टॅक्सीवाल्याला टाऊन हॉल म्हटलंत तर तो इथे आणणार, महापालिकेला नाही, म्हणून महापालिकेला जायचं असेल तर 'व्हीटीसमोर, बीएमसी' असंच सांगा. आत नाना शंकरशेठांचा संगमरवरी पुतळा आहे, स्टेशनवर चेहरा बघितलात, इथे अख्खे नाना. मध्ये सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं, १७१८ चं, आत थंड आणि शांत, दहा मिनिटं बसून पाय मोकळे करायला उत्तम.

कुठलाही रस्ता घेतला तरी सूर्यास्तानंतर महापालिकेच्या कोपऱ्यावर परत या, कारण दोन्ही बिल्डिंगवर लाइटिंग होतं. खास दिवशी, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, तिरंगी लाइट असतात आणि गर्दी पण तेवढीच. साध्या दिवशी निवांत बघता येतं. फोटोसाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे दिवे लागलेत पण आकाश अजून पूर्ण काळं झालेलं नाही ती वीस मिनिटं, नंतर मोबाईलमध्ये नुसता पिवळा धुरळा येतो. लो अँगल घ्यायला रस्त्यात उतरू नका, बसवाले थांबत नाहीत.

कपडे आणि चपलांबद्दल शेवटचं: फुटपाथ उंचसखल आहेत, फेरीवाल्यांमुळे अर्धे भरलेले, हील्स नकोत. जून ते सप्टेंबर छत्रीपेक्षा रेनकोट बरा, सबवेत पाणी साचलं तर बंद करतात, मग वरूनच सिग्नलला पोलिसाच्या इशाऱ्यावर ओलांडायचं, किंवा २०२३ मध्ये परत उघडलेला हिमालय पूल वापरायचा. आणि परतताना लोकल पकडणार असाल तर एक ते सात प्लॅटफॉर्म लोकलचे, आठपासून पुढे मेलगाड्या, पाटी न बघता पळालात तर भलत्याच टोकाला जाल आणि तेवढ्यात तुमची फास्ट सुटलेली असेल.